सवाई माधवराव व नाना फडणीस
स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (१७४७–९५) याने १७९२ मध्ये रंगविलेले, पुणे दरबारातील व्यक्तींचे तैलचित्र. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यामार्फत वेल्सचा दरबारात प्रवेश झाला. गादीवर पेशवा सवाई माधवराव, शेजारी त्याचा कारभारी नाना फडणीस व भोवती सेवक ही मांडणी दरबारी लघुचित्रांतून परिचित (पहा : लघुचित्रण), चेहऱ्यांवरील छायाप्रकाश आणि देहांची घनता मात्र युरोपीय वास्तववादी व्यक्तिचित्रणाची (पहा : तैलरंगचित्रण). दोन्हींची सांगड हेच या चित्राचे खरे महत्त्व. याच सुमारास शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. गंगाराम तांबट हा तिच्याशी संबंधित चित्रकार. वेल्सच्या दरबारी अभ्यासचित्रांच्या आधारे इंग्रज चित्रकार टॉमस डॅनिएलने १८०५ मध्ये पुणे दरबाराचे भव्य चित्र पूर्ण केले. प्रस्तुत चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.