रोगप्रतिकारशक्ती

शरीरात शिरलेले जंतू ओळखून त्यांचा नायनाट करण्याची शरीराची स्वतःची क्षमता. त्वचा, नाकातला शेंबूड आणि जठरातले आम्ल हे पहिले अडथळे. ते ओलांडून जंतू आत आलाच, तर पांढऱ्या पेशी कामाला लागतात. काही त्याला गिळतात, काही त्याच जंतूला चिकटणारी प्रतिपिंडे तयार करतात. ताप बहुधा या झटापटीमुळेच येतो. मात्र अनोळखी जंतूविरुद्ध नेमकी प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्या अवधीत पोलिओचा विषाणू मज्जारज्जूपर्यंत पोचून पाय कायमचा लुळा करू शकतो.

म्हणून पोलिओचा डोस. त्या दोन थेंबांत दुबळा केलेला पोलिओ विषाणूच असतो. तो आतड्यात वाढतो, पण बाळाला सहसा आजारी पाडत नाही. तेवढ्यात शरीर त्याला ओळखायला शिकते. ही ओळख स्मृतिपेशी जपतात. जागलीवरचा माणूस रानडुकराचा माग विसरत नाही, तशा. जुलाब लागलेले असतील किंवा आतड्यात दुसरे विषाणू असतील तर एखादा डोस लागू पडत नाही. म्हणून तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

यवतमाळ जिल्ह्यात हा डोस एका चुकीमुळे चर्चेत आला. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पाच वर्षांखालील १२ बालकांना डोसऐवजी हात निर्जंतुक करायच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. त्यांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने सर्व बरी झाली. सॅनिटायझरही जंतू मारतोच, मग बिघडले कुठे? तो मारतो फक्त हातावरचे. पोटात गेल्यावर त्यातला अल्कोहोल लहान मुलाच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतो, आणि शरीराला शिकवत मात्र काहीच नाही. शिकवतो तो थेंबांतला दुबळा केलेला विषाणू.

भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. विषाणू अजून पाकिस्तान-अफगाणिस्तानात असल्याने डोस थांबलेले नाहीत.

धाकट्या भावंडाला पोलिओच्या बूथवर नेलेत, तर कुपीवरचे वर्तुळ पाहा. त्यातला चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तरच लस वापरायची. वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल, तर लस उष्णतेने खराब झाली असे समजून दुसरी कुपी मागा.