चिनी जलसरडा : तुंडघर्षण
बंदिवासातील चिनी जलसरड्याने (फायसिग्नेथस कोकिन्सिनस) काचेवर तोंड घासून वा आपटून स्वतःला करून घेतलेली इजा. व्हिएतनाम, थायलंड, दक्षिण चीन येथील ओढ्याकाठच्या झाडांवर राहणारा हा हिरवा सरडा धोका जाणवताच पाण्यात उडी घेतो. काचपेटीत मात्र पळायला वाट नसते. पारदर्शक काच त्याला अडथळा म्हणून उमगत नाही. स्वतःचे प्रतिबिंब प्रतिस्पर्धी भासू शकते. जखम चिघळल्यास संसर्ग जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचून तोंड कायमचे विद्रूप होते. सुमारे ९० सेंमी. वाढणाऱ्या प्राण्याला लहान पेटीत कोंडणे क्रूरच होय. उंच, प्रशस्त निवारा, फांद्या, लपण्यास दाट पाने व डुंबण्यापुरते पाणी द्यावे. काचेचा खालचा भाग अपारदर्शक कागदाने झाकावा. दोन नर एकत्र ठेवू नयेत.