लोकारोग्याचे मापन : शिरूर तालुका व भीमाकाठ

लोकारोग्याचे मापन : एखाद्या प्रदेशातील लोकसमूहाच्या आरोग्याची स्थिती संख्यांच्या साहाय्याने निश्चित करण्याची पद्धती. रुग्णाची प्रकृती वैद्य नाडी व जीभ पाहून ठरवितो. लोकसमूहाला नाडी नसते. त्याच्या आरोग्याचा अंदाज जन्म, मृत्यू, आजार व अपंगत्व यांच्या नोंदींवरूनच बांधावा लागतो. अशा नोंदींना प्रारंभ लंडनमधील साप्ताहिक मृत्युपत्रकांपासून झाला. जॉन ग्राँट याने १६६२ मध्ये त्यांचे प्रथमच पद्धतशीर विश्लेषण केले. एकोणिसाव्या शतकात विल्यम फार याने इंग्लंडमधील मृत्यूंच्या कारणांचे वर्गीकरण केले आणि ही पद्धती पुढे ब्रिटिश अंमलाबरोबर मुंबई इलाख्यात आली.

तिचा गावपातळीवरील इतिहास पाहण्यास पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाइतका सोयीचा प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. वडगाव रासाई हे शिरूर तालुक्यातील भीमाकाठचे गाव; नदीपलीकडे दौंड तालुका लागतो. याच तालुक्यातील जातेगाव बुद्रुक व वढू बुद्रुक ही दोन गावे या विषयाच्या अभ्यासकांना परिचित आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावातील जन्ममृत्यूंची नोंद ठेवण्याचे काम गावकामगारांकडे आले. पाटील व कोतवाल यांनी दिलेल्या माहितीवरून भरलेली ही नोंदवही ‘कोतवाल बुक’ किंवा गाव नमुना १४ या नावाने ओळखली जाते. तीत मृत्यूची कारणे मोजकीच असत : पटकी, देवी, ताप, हगवण, इजा व इतर. १८९६ नंतर त्यांत प्लेगची भर पडली. पटकी व देवी गावकऱ्यांना अचूक ओळखता येत; परंतु हिवताप, क्षय, फुफ्फुसदाह, बाळंतरोग हे सर्व ‘ताप’ या एकाच रकान्यात जमा होत. त्यामुळे इलाख्याच्या वार्षिक अहवालांत तापाने मरणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी दिसते. ती रोगाचे प्रमाण जितके दाखविते, तितकेच नोंदणाऱ्याच्या ज्ञानाची मर्यादाही दाखविते. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत तर नोंद करणारेच अंथरुणाला खिळले आणि नोंदवह्या सर्वांत आवश्यक असतानाच अपुऱ्या राहिल्या. या वह्यांत जातीचाही उल्लेख असल्यामुळे २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी त्या पुन्हा उघडल्या गेल्या. आरोग्यासाठी मात्र त्या फारशा कोणी वाचल्या नाहीत.

मृत्यू मोजले म्हणजे सुस्थिती मोजली असे होत नाही, हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी लवकर ओळखले होते. त्यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून तिचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर ना. वि. कानिटकर यांच्या सहकार्याने जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२१ मध्ये आला. त्यांनी कुटुंबांचे तीन वर्ग केले : शेतीवरच निभावणारी, शेतीला बाहेरच्या मजुरीची जोड देऊन निभावणारी, आणि दोन्ही असूनही न निभावणारी. निकष अन्नवस्त्राच्या किमान गरजेचा होता. आरोग्याचा शब्दही न वापरता आरोग्याच्या मुळाशी जाणारी ही पाहणी होती, असे म्हणता येईल.

स्वातंत्र्योत्तर काळात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने हे काम पुढे नेले. वि. म. दांडेकर व कुमुदिनी दांडेकर यांचा पुणे जिल्ह्यातील जनन व मर्त्यता यांच्या पाहणीचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. घरोघर जाऊन विचारले असता नोंदवहीत नसलेले जन्म व मृत्यू आढळतात, हा अनुभव देशभर सारखाच होता. सी. चंद्रशेखरन व एडवर्ड्‌स डेमिंग यांनी १९४९ मध्ये बंगालमधील सिंगूर येथील सामग्रीच्या आधारे त्यावर एक तोडगा सुचविला : एकाच घटनेची दोन स्वतंत्र मार्गांनी नोंद घ्यावी आणि दोहोंची तुलना करून दोहोंतूनही सुटलेल्या घटनांचा अंदाज बांधावा. भारत सरकारच्या नमुना नोंदणी योजनेने दुहेरी नोंदीचे हे तत्त्व स्वीकारले. निवडलेल्या गावात स्थानिक गणक वर्षभर नोंद ठेवतो, दर सहा महिन्यांनी दुसरा अधिकारी स्वतंत्रपणे घरोघर विचारणा करतो आणि न जुळणाऱ्या नोंदींची पुन्हा जागेवर तपासणी होते. या योजनेनुसार महाराष्ट्राचा अर्भक मृत्युमान दर, म्हणजे दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत मरणाऱ्या मुलांची संख्या, १९७१ मध्ये १०५ होता. २०२० मध्ये तो १६ वर आला. याच सुमारास जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अमलात आला आणि खेड्यातील नोंदणीचे काम ग्रामसेवकाकडे गेले.

राज्याचा दर असा काढता येतो. मग वडगाव रासाईचा का काढता येत नाही, असा प्रश्न वाचकास पडेल. समजा, एखाद्या गावाची लोकसंख्या ५,००० आहे आणि तेथे दरहजारी १६ जन्म होतात. वर्षाला ८० मुले जन्मतील. अर्भक मृत्युमान राज्याइतकेच, म्हणजे १६ असेल, तर वर्षाला सरासरी १.३ मृत्यू अपेक्षित आहेत. प्रत्यक्षात एका वर्षी एकही मूल दगावणार नाही आणि दुसऱ्या वर्षी तीन दगावतील. पहिल्या वर्षी दर शून्य, दुसऱ्या वर्षी ३७ पेक्षा अधिक! गावाच्या आरोग्यात वास्तविक काहीही बदललेले नसते. म्हणून लहान गावाचा एका वर्षाचा दर हा बहुतांशी योगायोग असतो. त्यावरून आरोग्यसेविकेची पाठ थोपटणे किंवा तिला जाब विचारणे, दोन्ही अन्यायाचे ठरते. दर हवा असेल, तर अनेक वर्षे किंवा अनेक गावे एकत्र घ्यावी लागतात. उलट, त्या तीन मृत्यूंपैकी प्रत्येकाची चौकशी मात्र गावातच व्हावयास हवी. सरासरी तिच्या उपयोगाची नसते.

अनेक गावे एकत्र घेण्याचे काम वढू बुद्रुक येथे झाले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या बानू कोयाजी यांनी १९७२ मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच स्त्रीपुरुषांना आरोग्य मार्गदर्शक म्हणून शिक्षण देणे हे त्याचे वैशिष्ट्य. (रजनीकांत व मेबल आरोळे यांचे जामखेड येथील काम याच्या दोन वर्षे आधीचे.) कोयाजींना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत तेथील संशोधन केंद्र कायमची लोकसंख्या-नोंद ठेवीत आहे. ठरावीक कालाने प्रत्येक घरी जाऊन जन्म, मृत्यू, विवाह व स्थलांतर यांची नोंद केली जाते. घरी मृत्यू झालेल्यांच्या नातलगांकडून शेवटच्या आजाराची लक्षणे विचारून घेऊन वैद्य कारण ठरवितात. कोतवालाच्या ‘ताप’ या रकान्याला एका शतकानंतर मिळालेले हे उत्तर होय.

नोंदींचा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही, हे गडचिरोलीने दाखवून दिले. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने स्वतःच्या कार्यकर्त्यांमार्फत मृत्यूंची मोजणी करून ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. ४७ गावे तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युमान ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे महाराष्ट्रातील अनेक संस्थांनी मिळून काढलेल्या ‘कोवळी पानगळ’ (२००१) या अहवालाने शासकीय आकड्यांपेक्षा प्रत्यक्ष बालमृत्यू कितीतरी अधिक असल्याचे दाखविले. जन्मल्यावर काही तासांत गेलेले मूल मृतजात म्हणून लिहिले जाते किंवा लिहिलेच जात नाही. न लिहिलेल्या मुलासाठी औषध व अनुदान यांची तरतूदही होत नाही. शासनाने यानंतर अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली व तिचा अहवाल २००४ मध्ये आला.

मृत्युमान घटले की दुसरा, अधिक अवघड प्रश्न पुढे येतो : जे जगतात ते किती निरोगी असतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ मध्ये अमलात आलेल्या घटनेत आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक सुस्थिती, अशी व्याख्या आहे. व्याख्या उदात्त आहे. ती मोजावयाची कशी, हे तीत सांगितलेले नाही. पुण्याजवळील सहा खेड्यांत चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किग्रॅ., तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किग्रॅ. भरले, मात्र वजनाने कमी असलेल्या या बालकांच्या अंगी चरबीचे प्रमाण तितके कमी नव्हते. पुढील आयुष्यातील मधुमेहाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची मानली जाते. केवळ तराजूवर विसंबणाऱ्यास ती दिसली नसती.

वढू परिसरातील पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीपुरुषांना २००७ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय पाहणीचा भाग म्हणून ‘तुमची प्रकृती कशी आहे?’ असा साधा प्रश्न विचारण्यात आला. पुरुषांपेक्षा स्त्रियांनी आपली प्रकृती अधिक वाईट असल्याचे सांगितले. आयुर्मान मात्र स्त्रियांचेच अधिक असते. अशा उत्तरांचा अर्थ लावणे सोपे नाही. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये दाखविल्याप्रमाणे, दीर्घायुषी केरळातील लोक आजाराच्या तक्रारी अधिक करतात आणि अल्पायुषी बिहारमधील लोक कमी. ज्याने दवाखाना पाहिलेला नाही, तो दुखणे हा वयाचा भाग समजतो. हा दोष काढण्यासाठी पाहणीत काल्पनिक व्यक्तींची वर्णनेही देतात. ‘एका माणसाला शेताच्या बांधापर्यंत चालताना दोनदा बसावे लागते, त्याला चालण्याचा त्रास कितपत आहे?’ अशा धर्तीचे प्रश्न सर्वांना सारखेच विचारले, की उत्तर देणाऱ्याची मोजपट्टी किती ताठ आहे ते कळते व त्यानुसार त्याच्या स्वतःविषयीच्या उत्तराची दुरुस्ती करता येते. मात्र ते वर्णन सर्वांना सारखेच समजले, हे येथे गृहीत धरलेले असते आणि ते नेहमी खरे ठरत नाही.

शिरूर तालुक्यात सणसवाडी, कोरेगाव भीमा व रांजणगाव येथील कारखान्यांमुळे लोकसंख्या सतत हलती राहते. भाड्याच्या खोलीतील कामगार पुढील फेरीच्या वेळी तेथे असेलच असे नाही. भीमाकाठच्या उसाच्या पट्ट्यात दुसरीच अडचण येते. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी आलेली कुटुंबे हंगामापुरती खोप्यांत राहतात. कायद्याने जन्म जेथे घडला तेथे नोंदवावा लागतो, तर नमुना नोंदणी योजना नेहमीच्या रहिवाशांचीच गणना करते. खोपीत जन्मलेल्या मुलाची नोंद झालीच, तर ती भीमाकाठच्या गावाच्या दप्तरी होते. त्याच्या आईची गणना बीडमध्ये होते. आणि हंगाम संपताना वाटेत ते दगावले, तर त्याचा मृत्यू तिसऱ्याच गावाच्या वहीत जातो, किंवा कोठेच जात नाही.