गोंदण म्हणजे डाग नव्हे

17 सप्टेंबर 1948 पर्यंत नांदेड आणि लातूर, म्हणजे माझे सासर आणि माहेर, दोन्ही निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे आपल्याकडच्या फोटोंचा इतिहास मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबादकडे जास्त जातो.

निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे जैन होते, हे आपल्यातल्या अनेकींना ठाऊक नसते. 1844 साली मेरठजवळच्या सरधन्यात जन्म, रुडकीला इंजिनिअरिंग, मग इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी आणि तिथेच कॅमेऱ्याचा नाद. वेरूळची लेणीही त्यांनी टिपली. मला त्यांची सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. 1892 साली त्यांनी हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती आणि फोटो काढणारीही बाईच! त्यांच्या 2,857 काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत. आपल्या घरचे फोटो मात्र ट्रंकेत बुरशी खात पडतात.

आता मोबाइलवर एआय आले. मागच्या महिन्यात मुलाने आजेसासूबाईंचा डागाळलेला फोटो त्यात टाकला. मिनिटभरात चकचकीत रंगीत चित्र तयार. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिले आणि विचारले, "ह्या कोण?"

कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदण गेले होते. यंत्राला तो डाग वाटला. रंग उजळला होता, आणि नऊवारीची झाली होती निऱ्यांची गोल साडी.

फोटोत फेरफार पूर्वीही व्हायचे. स्टुडिओतला माणूस बारीक पेन्सिलने निगेटिव्हवरच्या सुरकुत्या घालवायचा, हाताने रंग भरायचा. पण त्याने समोर बसलेली बाई पाहिलेली असायची. एआय आपल्या माणसाला ओळखत नाही. ते असंख्य चित्रांवरून शिकलेले असते आणि फाटलेल्या जागी काय असावे याचा अंदाज करते. गोंदलेली मराठवाड्यातली म्हातारी त्याने पाहिली असेल किती? पिंछी हातात घेतलेल्या दिगंबर मुनींच्या जुन्या फोटोत ते पिंछीचा पुष्पगुच्छही करू शकते.

घरी सासूबाई होत्या म्हणून चूक कळली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3.56 ला किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तिकडच्या एखाद्या घरी ढिगाऱ्यातून निघालेला अर्धाच चेहरा उरला असेल, तर उरलेला अर्धा यंत्राने भरायचा? तो बरोबर की चूक हे सांगणारी माणसेही त्याच रात्री गेली. माझ्या मते तिथे भेग तशीच राहू द्यावी.

धूळ, ओरखडे, घडीची रेघ खुशाल काढा. त्याआधी मूळ फोटो मऊ ब्रशने झटकून 600 डीपीआयवर स्कॅन करा आणि ती फाइल वेगळी ठेवा. सुधारलेल्या प्रतीवर 'एआयने दुरुस्त' असे लिहा, नाहीतर नातवंडे तोच चेहरा खरा धरतील. रंग भरायचा असेल तर लुगड्याचा रंग घरातल्या म्हातारीला विचारा. आमच्या फोटोतले लुगडे यंत्राने गुलाबी केले होते. सासूबाई म्हणतात, ते हिरवे इरकल होते, लाल काठाचे.