डॉपलर सोनोग्राफी आणि धूम्रपान

धूम्रपानाने रक्तवाहिन्यांवर होणारा परिणाम ध्वनिलहरींनी मोजण्याची पद्धत. तिच्यात सुई टोचावी लागत नाही, क्ष-किरणही लागत नाहीत. धावत्या रक्तपेशींवर आदळून परतणाऱ्या ध्वनीची वारंवारता बदलते व त्यावरून प्रवाहाचा वेग कळतो. ख्रिस्तियन डॉपलर यांनी 1842 मध्ये हे तत्त्व मांडले ते ताऱ्यांच्या प्रकाशासाठी; वैद्यकात ते जपानच्या शिगेओ सातोमुरा यांनी 1950च्या दशकात आणले.

सर्वांत बोलकी चाचणी दंडाच्या धमनीची. आधी तिचा व्यास मोजतात, मग हाताला रक्तदाबाचा पट्टा आवळून सुमारे पाच मिनिटे रक्त अडवतात. पट्टा सोडताच लोंढा येतो, धमनीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि मिनिटभरात धमनी रुंदावते. डेव्हिड सेलरमायर आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ही पद्धत मांडली. पुढच्याच वर्षी त्यांना आढळले की धूम्रपान न करणाऱ्यांची धमनी सरासरी 10 टक्के रुंदावते, करणाऱ्यांची जेमतेम 4 टक्के. ही माणसे धडधाकट होती, कुणालाच काही त्रास नव्हता. म्हणजे दुखणे जाणवण्याच्या कितीतरी आधी यंत्राला बिघाड दिसतो. व्यसन सोडलेल्यांमध्ये तो काही अंशी भरून येत असल्याची चिन्हेही मिळाली. 1996 मध्ये याच गटाने दुसऱ्याच्या धुराचाही असाच परिणाम दाखवला.

सोलापूरसाठी हा विषय घरचा आहे. इथे हजारो स्त्रिया बिड्या वळतात. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत त्यांच्याच घरांसाठी उभी राहिली. बिडीला फिल्टर नसतो, आणि ती विझू नये म्हणून वरचेवर झुरके घ्यावे लागतात.

लिओ बर्जर यांनी 1908 मध्ये वर्णिलेला, हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या बंद पाडणारा रोग प्रामुख्याने तंबाखू ओढणाऱ्या तरुण पुरुषांना जडतो. डॉपलरमध्ये धमनी जागोजागी बुजलेली आणि भोवती नागमोडी पर्यायी वाहिन्या फुटलेल्या दिसतात. तंबाखू पूर्ण सुटली नाही, तर बोटे किंवा पाय कापण्याची वेळ येऊ शकते.

सोलापूर–पुणे महामार्गावरील चिंचोळी एमआयडीसीत पाळीभर उभे राहणारा कामगार पोटरीचे दुखणे थकव्याच्या खात्यात टाकू शकतो. पण चालताना पोटरी भरून येत असेल आणि थांबल्यावर उतरत असेल, तर बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने दुखण्याच्या गोळ्यांवर दिवस न काढता डॉक्टरांना दाखवून पायाचे डॉपलर करून घ्यावे.