नांवाची चिठ्ठी

लेखनाचा इतिहास म्हटला म्हणजे लिपि, कागद, शाई आणि मुद्रणयंत्र यांचा विचार प्रथम मनांत येतो. परंतु लिहिलेलें वाढूं लागलें म्हणजे तें लिहिण्याइतकेंच पुन्हां सांपडणेंहि महत्त्वाचें होतें, आणि सांपडण्याचें फार जुनें साधन म्हणजे वर लावलेली नांवाची चिठ्ठी. या चिठ्ठीवर काय लिहावें, किती लिहावें आणि तें कोणीं ठरवावें, हे तीन प्रश्न रोमन ग्रंथसंग्रहांत होते, आपल्या पोथ्यांत होते, आणि आज संगणकावर मजकूर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढें जी ‘टॅबां’ची ओळ असते तिच्यांतहि तेच आहेत.

ग्रीक व रोमन ग्रंथ पपायरसच्या गुंडाळ्यांच्या रूपांत असत. फळीवर रचलेल्या गुंडाळ्या बाहेरून सारख्याच दिसत. म्हणून गुंडाळीला ग्रंथनाम लिहिलेली लहानशी चिठ्ठी लोंबती लावीत. ख्रिस्तपूर्व ५६ मध्यें सिसेरोनें आपला मित्र ॲटिकस यास पत्र लिहून, हद्दपारीनंतर उरलेला आपला ग्रंथसंग्रह नीट लावण्यासाठीं दोन जाणते ग्रंथसेवक मागविले, आणि चिठ्ठ्या करण्याकरितां थोडें चर्मपत्रहि त्यांजबरोबर पाठविण्यास सांगितलें. चिठ्ठीचें ग्रीक नांव त्यानें पत्रांत दिलें होतें. पंधराव्या शतकांत तीं पत्रें छापतांना तें नांव चुकीचें वाचलें गेलें, आणि त्या चुकींतून ‘सिलॅबस’ हा शब्द निघाला. आमचे विद्यार्थी अभ्यासक्रमाला जो शब्द सर्रास वापरतात, त्याचें मूळ असें एका चिठ्ठीच्या अपपाठांत आहे!

आपल्याकडे पोथीचीं पानें सुटीं असत. तीं विस्कटलीं तर कोणतें पान कोणत्या ग्रंथाचें हें कळावें, म्हणून अनेक पोथ्यांत पानाच्या समासांत वरच्या बाजूस ग्रंथनामाचीं एकदोन आद्याक्षरें व पत्रांक लिहीत, आणि खालच्या कोपऱ्यांत ‘राम’ असे. ही योजना थोड्या जागेंत पुष्कळ काम करी. मात्र ‘भा.’ हें अक्षर भागवताचें कीं भारताचें, हें त्या घरच्या माणसालाच ठाऊक असावयाचें. परक्याला मजकूर वाचूनच निर्णय करावा लागे. संक्षेप हा जाणत्याची सोय असतो आणि नवख्याची अडचण. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागद रुमालांत बांधलेले आहेत. १९३० ते १९३४ या काळांत सरदेसायांच्या संपादनाखालीं त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, ते हे रुमाल सोडूनच. बाहेर काय लिहिलें आहे यावर आंतलें हातीं येणें किती अवलंबून असतें, हें अशा संशोधकाला सांगावयास नको.

कागद पेटींत उभे ठेवण्याची पद्धत रूढ झाली तेव्हां चिठ्ठीला नवें रूप आलें. अमेरिकेंत जेम्स न्यूटन गन यानें सूचिपत्रांच्या वरच्या कडेस थोडी पुढें आलेली जीभ ठेवण्याच्या युक्तीचें पेटंट १८९७ मध्यें मिळविलें. या जिभेलाच ‘टॅब’ म्हणतात. शेंकडों पत्रें उभीं असलीं तरी जिभेवरील अक्षरें वाचून हवें तें उपसतां येई. पुढें संगणकाच्या पडद्यावर एकाच वेळीं अनेक मजकूर उघडूं लागले, तेव्हां ही कचेरींतील जीभ जशीच्या तशी तेथें गेली.

येथें जुनीच अडचण नव्या जोरानें उभी राहिली: एकाच नांवाच्या दोन वस्तु. बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन यानें १९७६ मध्यें ‘मेक’ नांवाचें साधन रचलें. त्याच्या सूचना ज्या फाइलींत लिहावयाच्या तिचें ठराविक नांव ‘मेकफाइल’, आणि मोठ्या कामांत अशी फाइल कप्प्याकप्प्यांतून असावयाची. संकेतस्थळांच्या ‘इंडेक्स’ फाइलींचेंहि तसेंच. यंत्राच्या दृष्टीनें हें समान नांव सोयीचें, कारण कोठें पाहावें हें त्याला आधींच ठाऊक असतें. परंतु माणसापुढें एकाच नांवाच्या सहा जिभा ओळीनें उभ्या राहतात.

नामसाम्यावर आपल्या समाजानें पूर्वींच तीन तोडगे काढलेले आहेत. इतिहासकार पहिला बाजीराव व दुसरा बाजीराव असे क्रमांक घालतात; लोक थोरले माधवराव व सवाई माधवराव असें विशेषण लावतात; आणि दस्तऐवज लिहिणारा ‘बिन’ लिहून बापाचें नांव जोडतो. मजकूर-संपादकांच्या इतिहासांत हेच तीन तोडगे पुन्हां दिसतात. ‘ईमॅक्स’ हा संपादक १९७६ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत रिचर्ड स्टॉलमन प्रभृतींनीं सिद्ध केला. त्याच्या पुढील अवतारांत त्याच नांवाची दुसरी फाइल उघडली कीं नांवापुढें २ हा आंकडा पडे. परंतु हा आंकडा वस्तूचा गुण सांगत नाहीं, केवळ येण्याचा क्रम सांगतो. आज जी दुसरी, ती उद्यां आधीं उघडल्यास पहिली. म्हणून आंकड्याऐवजीं फाइल ज्या कप्प्यांत आहे त्याचें नांव जोडण्याची सोय झाली, आणि २०१४ च्या आवृत्तीपासून तीच नेहमींची रीत ठरली. हें बापाचें नांव लावण्यासारखेंच झालें. आणि विशेष हें कीं, एकच फाइल उघडी असेल तर तें लावीत नाहींत. घरांत एकच गोविंद असेल तर त्याला पूर्ण नांवानें कोण हांक मारतो?

ब्राम मोलनार यांचा ‘विम’ १९९१ मध्यें प्रसिद्ध झाला आणि २००६ च्या सातव्या आवृत्तींत त्याला टॅब मिळाले. त्यानें पोथीचा मार्ग धरला: वाटेंतील प्रत्येक कप्प्याचें एक आद्याक्षर आणि शेवटीं फाइलीचें नांव. मजकूर बदलून जतन केला नसेल तर अधिकाचें चिन्ह. त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, जिभेवर काय लिहावें याचा नियमच लिहिणाऱ्यानें आपल्या हातानें लिहावा, अशी मोकळीक त्यानें ठेवली. २०१५ मध्यें निघालेल्या ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ या संपादकानेंहि २०२४ मध्यें तशी सोय केली: अमुक कप्प्यांतील फाइल असेल तर कप्प्याचें नांव आधीं दाखवावें, असा नियम घालतां येतो. तिसरा तोडगा, म्हणजे विशेषणाचा, तोहि येथें साधतो. कारण आपल्या सोयीचा शब्द जोडण्यास कोणाची हरकत नाहीं.

ही केवळ शोभेची बाब आहे काय? एकाच नांवाच्या दोन फाइलींपैकीं एक प्रयोगाची व दुसरी चालू व्यवहाराची असेल, आणि घाईंत हात दुसरीवर पडला, तर होणारें नुकसान खरें असतें. उलट, स्वतः ठरविलेल्या नांवांतहि धोका आहे. जीभ बदलली म्हणून फाइलीचें मूळ नांव बदलत नाहीं. शेजारीं बसलेल्या सहकाऱ्याला आपलें खाजगी नांव सांगितलें तर त्याला तें शोधून सांपडणार नाहीं. यास्तव असे नियम कामाच्या सामाईक फाइलींत लिहून ठेवणें शहाणपणाचें; तेथें ते सर्वांना सारखेच लागू होतात.

सिसेरोच्या ग्रंथसेवकांपासून आजपर्यंत ही गोष्ट एकच आहे. वस्तूला नांव देतो तो एक, आणि ती शोधतो तो दुसरा. पहिल्याला वस्तु एकटी दिसते, दुसऱ्याला ती गर्दींत दिसते. म्हणून चिठ्ठीवरील अक्षरें ठरविण्याचा कांहीं अधिकार शोधणाऱ्याला असावा, हें न्याय्यच होय. तो अधिकार पोथीच्या धन्याला घरापुरता होता. आतां तो लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या हातीं आला आहे. त्याचा उपयोग करतांना आपल्यामागून येणाऱ्या वाचकाची आठवण ठेवली म्हणजे झालें.