रामन यांचा प्रकाश आणि कमलाबाईंचे दूध

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. पण रस काढला की तो काही तासांचाच सोबती. त्यात साल्मोनेलासारखा घातक जिवाणू आहे का, हे संवर्धनाच्या रूढ पद्धतीने ठरवायला चार-पाच दिवस लागतात. अहवाल हाती येईपर्यंत ताजा रस पिऊन संपलेला असतो! दुधाचीही हीच अडचण. ती कमी करण्याच्या एका वाटेचा उगम जवळजवळ शतकामागे आहे.

२८ फेब्रुवारी १९२८. कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांना आढळले, की पदार्थातून विखुरणाऱ्या प्रकाशाच्या अगदी अल्प अंशाचा रंग बदलतो. रेणूंतील अणू सतत कंप पावत असतात आणि प्रत्येक बंधाची कंपने निराळी असतात. रंगातला हा फरक वाचता आला, की रेणूची ओळख पटते. १९३० मध्ये रामन यांना नोबेल मिळाले.

१९३३ मध्ये रामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक असताना मुंबई विद्यापीठात पहिली आलेली कमला भागवत तेथे प्रवेश मागायला गेली. ती स्त्री आहे, एवढ्याच कारणाने रामन यांनी नकार दिला. ती हटली नाही. अखेर एक वर्षाच्या परीक्षाकाळाची अपमानास्पद अट घालून तिला घेण्यात आले. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली तिने दूध आणि कडधान्यांतील नत्रयुक्त घटकांचा अभ्यास केला. तो पाहून रामन यांचे मत पालटले. पुढे कमला सोहोनी म्हणून त्या आरे दुग्धप्रकल्पाला गुणवत्तेबाबत सल्ला देत. ज्या दुधाच्या परीक्षणाला रामन यांचा शोध कामी येणार होता, त्याच दुधाच्या अभ्यासिकेला त्यांनी दारात अडवले होते.

जिवाणूपर्यंत पोहोचायला मात्र या शोधाला दशके लागली. रामन-संकेत इतका क्षीण, की आरंभी छायाचित्रण-काचेवर तो उमटायला तासन्तास जात. १९६० मध्ये लेसर आला आणि चित्र बदलले. दरम्यान अवरक्त किरणांनीही कंपने वाचली जात होतीच. १९९१ मध्ये बर्लिनच्या रॉबर्ट कॉख संस्थेतील डीटर नाउमान व सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवले, की पेशीतील प्रथिने, मेद, शर्करा, न्यूक्लिइक आम्ले यांचा एकत्रित अवरक्त वर्णपट जिवाणूच्या बोटाच्या ठशासारखा वापरता येतो. अडचण पाण्याची. ते अवरक्त किरण शोषून घेते, म्हणून जिवाणूंचा थर वाळवावा लागतो. रामन-वर्णपटात पाणी जवळजवळ मुकेच राहते, आणि दूध काय, रस काय, बहुतांश पाणीच!

तरीही थेट पेल्यात लेसर सोडून भागत नाही. अन्नातील मोजके जिवाणू मेद आणि रंगद्रव्यांच्या संकेतांत बुडून जातात. एकच जिवाणू वेगळ्या माध्यमावर वाढवला तर त्याचा वर्णपटही थोडा बदलतो; म्हणून ठराविक माध्यमावर, ठराविक वेळ वाढवलेल्या ज्ञात जिवाणूंचा संदर्भसंग्रह लागतो. आजही बहुधा आधी थाळीवर वसाहत वाढवावी लागते. वाचतो तो त्यानंतर तिची ओळख पटवण्याचा वेळ.